शेवटचं धुणं

लाल, निळं, पांढरं, काळं, नारिंगी
आणि सहावं काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं.
एकोणतीस वर्षं दर रविवारी
ही सहा जॅकेटं मी वाळत घातली
घरामागच्या उतारावर.
चॅपलला निघालेल्या बायका नाकं मुरडायच्या,
आणि त्यांचे नवरे मान न वळवता
दोरीकडे बघून घ्यायचे.

लाल कठड्यालगत धावतं,
म्हणून त्याची डावी बाजू आधी विरते.
पट्ट्यांचं वेगळं भिजवायचं, रंग सोडतं.
पांढऱ्यावर रक्ताचा डाग असेल
तर गार पाणी, मीठ,
आणि कुणाला काही विचारायचं नाही.
हे मला मिसेस प्रोबर्टनं शिकवलं,
विचारायचं नाही, हेसुद्धा.

ब्रिनहेलिगची खाण बंद झाली तेव्हा मी नववीत.
बाबा भरदुपारी घरी दिसायला लागले
आणि आईला कळेना, यांना बसवावं कुठं.
मग एके दिवशी कोटात गुंडाळून
त्यांनी कुत्र्याचं पिल्लू आणलं.
आमच्या चहात साखर अर्धा चमचा,
त्याला रोज एक कच्चं अंडं.
बाबा पुन्हा पहाटे उठायला लागले.
एवढ्यावर आईनं अंड्यांचा हिशोब सोडून दिला.

ससा चिंध्यांचा होता. रुळावरून पळायचा.
त्याचे कान मीच शिवायची, जुन्या टॉवेलचे.
सशाला शिंगं असतात म्हणणाऱ्याला
लोक वेड्यात काढतात;
टॉवेलच्या कानांमागे मात्र
अख्ख्या दरीनं आठवड्याचा पगार लावला,
पगार होता तोवर.

शेवटच्या शनिवारी एक्केचाळीस माणसं.
मी मोजली, कारण मोजता येत होती.
क्लेडविन बुकी फळ्यावर आकडे लिहायचा,
स्वतःच पुसायचा, पुन्हा लिहायचा,
खडू संपवून टाकायचा असल्यासारखा.
फाटकाबाहेर पोरंपोरी फलक धरून,
भुरभुर पावसात.
त्यांत माझी भाची लोवरी,
मीच दिलेला रेनकोट घालून.

मी तरातरा गेले तिच्याकडे.
बोलायला खूप होतं: आजोबा, अंडी,
या दरीत आपलं म्हणावं असं उरलंय काय.
तिनं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली,
‘मावशी, डाग तूच धुतलेस ना?’

मागे शर्यत सुटल्याची घंटा झाली.
मी वळून पाहिलं नाही.
कोण जिंकलं ते मला अजून माहीत नाही.

आता जॅकेटं धुऊन, इस्त्री करून
टेबलावर पडलीत. परत द्यायची कुणाला?
ऑफिसला कुलूप आहे,
मॅनेजर मुलीकडे निघून गेलाय,
आणि मैदानात कुणीतरी
लाकडी खुंट्या ठोकून दोऱ्या ताणल्यात.

कादी आली ती त्याच आठवड्यात.
पाटीवर तिचं नाव ब्रिन टेलिग्राम होतं,
दोन्ही कानांत हिरव्या शाईची अक्षरं,
मागच्या पायावर केस न उगवणारी जागा.
ती मी बोटानं ओळखली.
तारीखसुद्धा सांगू शकेन.

चार वर्षं वाऱ्यासारखी धावलेली ही बया
जिन्यापाशी येऊन थिजली.
पायरी म्हणजे काय, हे तिला
कुणी दाखवलंच नव्हतं.
आरशातल्या कुत्रीला घाबरते.
रात्री झोपेत पाय हलवते;
मी उठून पांघरूण नीट करते,
मलाही कुठं झोप असते.

काल थंडी फार होती, गॅस परवडत नाही.
मी लाल जॅकेट काढलं, तिच्या अंगात घातलं.
ती ताठ उभी राहिली,
दार उघडायची वाट बघत.
‘तसलं काही नाही गं,’ म्हटलं,
आणि तिचा पुढचा पंजा उचलून
पहिल्या पायरीवर ठेवला.
मग दुसरा.

तिसऱ्या पायरीवर आम्ही दोघी थांबलो.
दम मला लागला होता.